दार लोटून घेते, झळ येते

मार्च संपत आला की आमच्या नागपूरला एक विचित्र अभिमान चढतो. आज पारा कुठवर गेला, चंद्रपूरला मागे टाकलं की नाही, अकोला पुढे कसा गेला, याची चर्चा पानठेल्यापासून दवाखान्याच्या लिफ्टपर्यंत चालते. पुण्याचा पाहुणा कपाळ पुसत म्हणतो, फारच ऊन आहे हो तुमच्याकडे. आमची माणसं हसून सांगतात, हे काहीच नाही, मे महिन्यात या. जसं काही हे ऊन यांनीच घरी पत्र्यावर वाळत घालून तयार केलंय. मला या हसण्याचा राग येतो. उन्हाचा अभिमान बाळगायला माणसाजवळ सावली असावी लागते आणि ती सगळ्यांजवळ नाही, एवढं साधं या शहराच्या डोक्यात शिरत नाही.

होळी झाली की आमच्या सक्करदऱ्यात पत्र्यावर हातोडी पडायला लागते. वर्षभर माळ्यावर, जिन्याखाली, अंगणात उलटे पडलेले कूलर बाहेर निघतात. कुणी जुनं गवत उपसून रस्त्याच्या कडेला टाकतो, कुणी मोटर उन्हात ठेवून वाळवतो, कुणी टाकीला डांबर लावतो. डांबर, गंज आणि भिजलेला वाळा यांचा एकत्र वास आला की शहराचा उन्हाळा लागला असं समजायचं. दुचाकीवरच्या पोरीबाळी डोळे सोडून सगळं तोंड ओढणीनं गुंडाळतात. मीही गुंडाळते. रोज सकाळी तशीच रामदासपेठेत जाते. तिथल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये माझी नोकरी आहे, आणि वाटेत तो बंगला लागतो.

आमच्या घरात 'सीझन' हा शब्द एकाच अर्थानं वापरला जायचा. संत्र्यांचा सीझन असेल, लग्नांचा असेल, तो इतरांचा. आमचा सीझन कूलरचा. बाबा कूलर बनवायचे आणि दुरुस्तही करायचे. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत ते आम्हाला नीट दिसायचेच नाहीत. ओट्यावर पत्र्याची चळत लागलेली असायची. आई जाळीच्या ताट्यांमध्ये गवत भरायची, आणि तिच्या हातांवर कोपरापर्यंत लाल ओरखडे उठायचे. जेवताना ते झोंबायचे, पण भाजीत तिखट काही कमी व्हायचं नाही. बाबांची बोटं पत्र्यानं कापलेली असायची. सुटी फक्त जयंतीची. त्या दिवशी पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून ते मिरवणुकीला जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातोडी घ्यायचे. आजोबा छप्पनच्या दसऱ्याला दीक्षा घ्यायला गेले होते. तिथून आल्यावर त्यांनी घरात एकच नियम घातला म्हणतात, आजपासून कोणापुढे वाकायचं नाही. बाबा वाकायचे नाहीत, पण सगळ्यांना समजून घ्यायचे. या दोन गोष्टींत फरक किती, यावर मी आयुष्यभर घरात भांडले आहे.

मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते, तेव्हाचा सीझन. आमच्या घरी मोबाइल आला नव्हता.

रामदासपेठेतल्या त्या बंगल्यावर गच्चीत एक भला मोठा कूलर होता. वरून गार हवा पन्हाळीसारख्या पत्र्याच्या नळातून खालच्या सगळ्या खोल्यांत जायची. तो बाबांनीच बसवला होता आणि दर वर्षी तेच त्याचं गवत बदलायला जायचे. आदल्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांच्याजवळ पाण्याची कॅन होती. आईनं तिला गोणपाट शिवून दिलं होतं. ते भिजवलं की पाणी दुपारपर्यंत गार राहायचं. बंगल्यातल्या बाईंनी ती कॅन पाहिली आणि म्हणाल्या, अहो, पाणी कशाला घेऊन येता घरून, आमच्याकडे काय पाणी नाही? बाबांनी हे घरी येऊन सांगितलं ते इतक्या आनंदानं, की कूलरचे पैसे सांगायचे विसरले. मोठ्या मनाची बाई आहे वं, म्हणाले. आई गवत भरत होती. तिनं मान वर न करता, मन मोठं असन, पण पाणी आपलं असू द्या, एवढंच म्हटलं.

हे नागपूरच्या बाहेरच्या माणसाला समजणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे उन्हाळ्यात कोणी दारात आलं की आधी पाणी येतं, मग विचारपूस. विजेचं बिल वाटणारा असो की भांडायला आलेला शेजारी असो, गूळ किंवा साखर आणि तांब्या पुढे आला नाही तर त्या घराची लाज जाते. नको म्हटलं तरी ठेवतात. आणि अशा ठिकाणी, घरच्यांनी एकदा बोलून दाखवल्यावर, स्वतःचं पाणी बरोबर नेणं म्हणजे तुमच्या घरात घरपण नाही असं तोंडावर सांगणं. माझ्या बारावीच्या वर्षी आईनं कॅन भरून सायकलच्या हँडलला अडकवली तेव्हा बाबांनी ती काढून परत ओट्यावर ठेवली. त्यायले वाईट वाटन वं, म्हणाले, त्यायनं बोलून दाखवलं होतं. आणि सायकल काढून निघून गेले. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं हा मूर्खपणा केला असता असं मला वाटत नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी समजलं. बाबा दहाच्या सुमारास गच्चीवर गेले. बाई स्वतः जिन्यापर्यंत आल्या, मोटर कशी आवाज करते ते सांगितलं, आणि जाताना म्हणाल्या, दार लोटून घेते हं, झळ आत येते. हेही इथलंच. अकरा वाजायच्या आत हे शहर स्वतःला बंद करून घेतं. खिडक्या लावायच्या, पडदे ओले करायचे, दाराच्या फटीत पोतं कोंबायचं. लोटलेल्या दाराला हात सवयीनं कडी घालतो. गच्चीवर माणूस आहे हे त्या हाताला आठवलं नाही, असं आम्ही नंतर धरून चाललो.

काम दोन-अडीच तासांचं होतं. ते झालं, आवाज करणारी मोटर दुरुस्तीला न्यायची म्हणून काढून हातात घेतली आणि बाबा दाराशी आले तर दार बंद. त्यांनी हाक मारली. मग हातानं दार वाजवलं, मग हातोडीनं. कठड्यावरून रस्त्यावर हाका मारल्या. पण रामदासपेठेतल्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं आणि बाजूच्या प्रत्येक घराचा कूलर घरघरत होता. गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती. तिच्या नळीतून पाणी घेतलं तर ते चहासारखं पोळत होतं. तेही प्याले. उलटी झाली. टाकीच्या सावलीला बसले, आणि सूर्य सरकला तसे सावलीबरोबर सरकत राहिले. एवढं सगळं होत असताना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या पातळावर कुरडया वाळत घातलेल्या होत्या.

संध्याकाळी घरकामाची शांताबाई वर आली ती त्या कुरडया गोळा करायला. बाबांना बोलवायला कोणी आलं नाही. हे वाक्य मी आजवर किती लोकांना सांगितलं असेल, आणि दर वेळी समोरचा माणूस किंचित हसतो, कारण त्याला ते मजेशीर वाटतं. मला वाटत नाही. कुरडया नसत्या तर?

शांताबाईनंच त्यांना पाणी पाजलं, डोक्यावर ओला टॉवेल टाकला, रस्त्यावरून ऑटो थांबवला आणि त्यांच्याबरोबर आमच्या घरापर्यंत आली. बाबांचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं होतं, घामाचा एक थेंब नव्हता. ते मला शाळेतल्या नावानं हाक मारत होते, जे घरात कोणीच वापरत नाही. आईनं ओल्या चादरीत गुंडाळलं, कांदा किसून तळपायांना लावला, गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरला बोलावून आणलं. तिसऱ्या दिवशी ते भानावर आले. आईनं त्यांना पहिला प्रश्न विचारला तो मला अजून ऐकू येतो.

"काहून आवाज नाई देला तुमी?"

"देला वं," बाबा म्हणाले. "त्यायले गेला नसन."

त्या दिवसापासून हे आमच्या घराचं ठरलेलं उत्तर झालं. गल्लीतले विचारायला आले, त्यांनाही हेच. मामा चिडून बंगल्यावर जातो म्हणाला, त्यालाही हेच. आवाज गेला नसेल, कूलर असतात चालू, दुपारची वेळ, म्हातारी माणसं. बाबा खाटेवर पडून त्या घराची बाजू मांडायचे आणि मी भिंतीला टेकून ऐकायची.

आठवड्यानं बाई स्वतः आमच्या घरी आल्या. मोसंबी आणि ग्लुकोजचा डबा घेऊन, भर उन्हात, ऑटोनं. ड्रायव्हर सुटीवर होता म्हणाल्या. खाटेजवळच्या खुर्चीत बसल्या, बाबांची चौकशी केली. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, हेही मी इथे सांगून टाकते. अहो, आम्हाला खरंच आवाज आला नाही, त्या म्हणाल्या, कूलरच्या घरघरीत काही ऐकूच येत नाही.

"कोणता कूलर?" मी म्हटलं. "तुमचा तर वर उघडा पडला होता. मोटर बाबांच्या हातात होती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी खाटेवरूनच हात हलवला, "दुसरा असन आतमधी. तू उगी राह्य." तेवढ्यात आई माठातलं पाणी घेऊन आली. मला वाटलं, आता बाई नको म्हणतील, आत्ताच घेतलं म्हणतील, आणि मग मला सगळं समजेल, रागाला एक नाव मिळेल. पण त्यांनी पेला घेतला आणि एका दमात संपवला. आणखी मागितलं. उन्हातून आल्या होत्या, तहान लागली होती. त्यांना तहान म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

लॅबमधली माझी एक मैत्रीण आहे, सालस बाई. तिला मी हे एकदा सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या बाबांना झालं ते वाईटच, पण त्यात जात कशाला आणतेस? मी आणली नव्हती. मी फक्त गच्ची, दार आणि कुरडया सांगितल्या होत्या. तिला ती आपोआप दिसली. मग मी तिला विचारलं, त्या बंगल्याचे जावई वर गेले असते, काम जाऊ दे, नुसते कुरडया वाळल्या का बघायला गेले असते, तर जेवायच्या वेळी कोणी विचारलं नसतं का, ते कुठे आहेत? जेवणं झाली होती त्या घरात. ताटं लागली, उठली, माणसं झोपली, आणि एकालाही वरच्या माणसाची आठवण झाली नाही. त्याला तू काय म्हणशील ते म्हण. ती उठून गेली. नंतर चहा घेऊन आली. या शहरात भांडण झालं की चहा येतो आणि विषय संपतो.

बाबांनी नंतर ऊन झेललं नाही. झेपतच नव्हतं. दहा पावलं उन्हात चालले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पुढच्या सीझनला ते ओट्यावर सावलीत बसून इतरांसाठी ताट्या भरायला लागले, आईच्या शेजारी. त्यांच्या हातांवरही आता ओरखडे उठू लागले. बंगल्याला दुसरा मिस्त्री मिळाला. तो आमच्याच गल्लीतला होता, आणि बाबा त्याला दर वर्षी सांगायचे, त्या मोटरचं डाव्या बाजूचं बेअरिंग पाह्य, ते लवकर जाते. मी हे ऐकून आत भांडी आपटायची.

माझा भाऊ बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात आहे. सकाळी सहाला नाक्यावर कंपनीची बस येते. मे महिन्यात तिथल्या शेडमध्ये पंखे गरम हवा फिरवतात. गेल्या साली त्याच्या शेजारच्या यंत्रावरचा बिहारचा पोरगा चक्कर येऊन पडला. भाऊ घरी येऊन सांगत होता, आणि शेवटी म्हणाला, सुपरवायझरले समजलं नसन. मी ताटावरून उठले. हे काय आहे? आपल्याकडे माणसं पडतात आणि आपण पाडणाऱ्यांसाठी कारणं शोधत बसतो. लोक म्हणतात, नागपूरची माणसं मोकळी, आरामशीर, मनानं मोठी. खरंच आहेत. पण मन मोठं ठेवायचं काम नेहमी गच्चीवरच्यानंच का करायचं?

यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट. रविवार होता. आई मावशीकडे गेली होती आणि मी बाबांना जेवायला वाढलं होतं. बाबा आता थकलेत, कान मात्र चांगले आहेत. घरातला कूलर त्यांनीच केलेला, जुना, पत्र्याचा. आम्ही भावंडांनी एसी घेऊ म्हटलं तर त्यांना ते अपमानासारखं वाटतं. आमचं जेवण झालं आणि लाइट गेली. कूलर घरघरत थांबला आणि घर एकदम शांत झालं. समोरच्या प्लॉटवर इमारत उभी राहते आहे, तिथे सळ्या वाकवणाऱ्या माणसांचे आवाज यायला लागले. त्यातला एक जण कोणाला तरी पाणी मागत होता. मी उठले, आमचा माठ त्यांच्यासाठी फाटकापाशी ठेवून आले, आणि आत येऊन नेहमीसारखी चिडचिड सुरू केली. ठेकेदाराला समजत नाही का, या उन्हात काम लावतो, पाण्याचं एक पिंप ठेवत नाही.

बाबा भिंतीकडे पाहत होते. मला वाटलं आता म्हणतील, त्याच्या ध्यानात आलं नसन.

"गेला होता आवाज," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. कोणाचा, मी विचारलं.

"माझा. बाई आल्या होत्या दारापाशी. आतून म्हणाल्या, वाजवू नका हो, सगळे झोपलेत. मी म्हटलं, पाणी पायजे जी. मंग चपलेचा आवाज आला, पायऱ्या उतरून जायचा. मले वाटलं, पाणी आणाले गेल्या. लय वेळ त्या दारालेच टेकून बसलो होतो."

त्या दाराला टेकून बसलेल्या माणसाचं मी इतकी वर्षं काही ऐकलं नव्हतं. टाकीची सावली ऐकली होती, उलटी ऐकली होती. पाण्याची वाट पाहत बसणं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. इतकी वर्षं मी त्या बाईंशी भांडायला हवं होतं आणि मी यांच्याशी भांडले.

"मंग सांगितलं काहून नाई? बाई इथं बसून रडल्या, तुमच्या खाटेपाशी. तवा काहून नाई बोलले?"

बाहेर माठाच्या झाकणाचा आवाज आला, कोणी तरी पाणी घेत होतं.

"मले याच गावात राहाचं होतं ना, बेटा," ते म्हणाले. "बाई आयकून गेल्या म्हटलं असतं, तर मंग कोणाच्या दारात कसा उभा राहिलो असतो?"

लाइट आली. कूलर सुरू झाला आणि बाबा कुशीवर वळून झोपले, इतक्या वर्षांनी ओझं उतरवल्यासारखे. ते सगळं आता माझ्याकडे आलंय. दुसऱ्या दिवशी सोमवारी मी त्या बंगल्यासमोर गाडी थांबवली. आता तिथे प्रत्येक खिडकीखाली एसीची पेटी आहे आणि गच्चीचा तो कूलर कधीच भंगारात गेलाय. फाटकाशी एक तरुण सून झाडांना पाणी घालत होती. काय पाहिजे, तिनं चांगल्या शब्दांत विचारलं. उन्हात उभ्या आहात, पाणी घेता का, असंही विचारलं.

मी नको म्हटलं. मी सांगितलं, या घरात एक माणूस गच्चीवर कोंडला गेला होता, कूलरवाला, तुमच्या सासूबाईंना विचारा. ती म्हणाली, हो हो, सांगतात त्या कधी कधी, फार वाईट वाटतं त्यांना, बिचाऱ्यांचा आवाजच आला नव्हता.

मलाही याच गावात राहायचं आहे. मी ओढणी तोंडावरून खाली केली आणि म्हटलं, आला होता.